मुंग्या नव्हेत, निवट्या

“शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुझं किती?”

डॉक्टर मॅडमनी माझ्या मुलीला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती तपासणीच्या टेबलावर कुशीवर पडली होती. “तीन,” ती म्हणाली. मला बरं वाटलं. आकडा मिळाला की मला नेहमीच बरं वाटतं. माझी नोकरीच तशी आहे. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्या भागात मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. त्या बांधांची उंची, रुंदी, खचलेली माती मी मोजतो. तीन म्हणजे फारसं काही नाही, असं मी धरून चाललो.

माझ्या मुलीचं नाव प्रज्ञा. तिला पंधराव्या वर्षी मणक्याचा टीबी झाला. औषधं आता संपली आहेत. पाय किती परत आले ते मात्र शेवटी सांगतो, कारण आम्हालाही ते शेवटीच कळलं. ज्यांच्या घरात आज असं कुणी झोपून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात नाहीत. ती तुमचे डॉक्टर देतील.

पाठ

प्रज्ञा शाळेच्या कबड्डी संघात होती. चढाईला जायची. आमच्याकडे गावागावांत कबड्डी चालते, त्यामुळे पोरगी पाठ धरून घरी आली तर कुणी घाबरत नाही. पडली असेल, उसण भरली असेल. आम्हीही तेच समजलो. रेवदंड्याच्या पलीकडे एक हाडवैद्य आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तेल लावून पाठ चोळून दिली. दोन दिवस बरं वाटलं, मग जास्त दुखायला लागलं.

संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन सेहेचाळीस किलोवरून एकोणचाळीसवर आलं. “खेळून बारीक झालीय,” असं मीच शेजारी सांगत होतो. मोज्यांचं इलॅस्टिक ओढायला ती वाकेनाशी झाली तेव्हा माझी बायको वंदना म्हणाली, “अहो, ही पडल्याची पाठ नाही. पडल्याची पाठ रोज थोडी तरी कमी होते.” मग अलिबागला जाऊन पाठीचे एक्स-रे फोटो काढले, आणि ते बघून आम्हाला मुंबईला पाठवलं.

तुम्हाला एकच सांगणं: पाठ दुखते आणि सोबत ताप किंवा वजन उतरणं असेल, तर चोळून घेऊ नका. आधी फोटो काढा.

निदान

मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावर मणके दाखवले. मधले दोन मणके कडेने झिजले होते, पावसात बांधाची कड झिजते तसे. ते मला लगेच समजलं.

“औषधांनी हा बरा होतो,” त्या म्हणाल्या. “पण मणका भरून येईपर्यंत हिने सरळ झोपून राहायचं. मागे मज्जारज्जू आहे. त्यावर दाब आला तर पाय जाऊ शकतात. पायात मुंग्या आल्या, पाय बधिर झाले, लघवी कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी फोन करायचा. दुसऱ्या दिवशी नाही.”

“आमच्या घरात कुणाला खोकला पण नाही हो,” वंदना म्हणाली.

“नसला तरी होतो. तुमची काही चूक नाही.”

प्रज्ञाने एकच विचारलं. “जिल्ह्याच्या मॅचेस?”

मॅडम म्हणाल्या, “या वर्षी नाही.” पुढच्या वर्षीचं त्या काही बोलल्या नाहीत. तेवढं प्रज्ञाला कळलं.

घरी आल्यावर मुंबईहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. “मणक्याचा त्रास आहे, एवढंच सांग सगळ्यांना. टीबी म्हणू नकोस. मुलीची जात आहे, उद्या स्थळं येतील.” मी हो-हो करत होतो. वंदनाने माझ्या हातातून फोन घेतला. “दादा, मुलगी आधी उभी राहू दे. झोपून कुणाचं लग्न लागत नाही.” ती अंगणवाडीत काम करते. दारोदार जाऊन लोकांना हेच सांगत फिरते की टीबी लपवू नका. आपल्या घरातही ती तेच बोलली. नंतर लपवण्यात आमचा वेळ गेला नाही, आणि दोन-चार घरं सोडली तर माणसं येत राहिली.

सरळ झोपून

बाहेरच्या खोलीत लाकडी खाट टाकली. पाठीला पट्टा. उठायचं नाही, वाकायचं नाही, कुशीवर वळायचं तर दोघांनी धरून, लाकडाचा ओंडका वळवावा तसं. सगळं अंथरुणातच. पंधरा वर्षांच्या मुलीला हे किती जड जातं ते मी लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात गोळ्यांनी लघवी शेंदरी झाली. वंदना घाबरली. मॅडमनी तसं होतं असं सांगितलेलं होतं, त्याची मी तिला आठवण करून दिली. प्रज्ञा पडल्या पडल्या म्हणाली, “बघू दे. असला रंग दुकानात पण नसेल.” आजारपणातला तो तिचा पहिला विनोद.

मी सकाळ-संध्याकाळ विचारायचो, “आज किती?” उत्तर ठरलेलं: “तीन.” रडून डोळे सुजलेले असले तरी तीन. शेवटी एके दिवशी ती चिडली.

“तीन, तीन, तीन! कशाचे तीन, पप्पा? किलो की फूट?”

“दुखण्याचे.”

“दुखणं काय एकच असतं? सकाळी वेगळं असतं, वळवताना वेगळं असतं. तुम्हाला आकडा पाहिजे म्हणून मी एक देते.”

“तिला आकडे मागू नका हो,” वंदना आतून म्हणाली. “मग मॅडमना काय सांगू?” मी म्हणालो. त्यावरून आम्हा दोघांचं वाजलं. आजारपणात अशी भांडणं होतात. दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेले असतात, पण भांडतात मात्र एकमेकांशी.

तेवढ्यात दारात हिराबाय आली. ती रेवदंड्याची कोळीण, आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालते. पाटी उतरवून म्हणाली, “काय गो, नवरा-बायकोची तोंडा अशी का झालीं? म्हावरा घेवा, गार व्हाल.” तिच्या पाटीत शिंगाळा होता. त्याच्या पंखाला काटा असतो. तो हाताला लागला तर धडधाकट खलाशीही कळवळतो. प्रज्ञाने मान न हलवता तिरक्या डोळ्यांनी पाटीत बघितलं.

“पप्पा, आज हा आहे. शिंगाळा. आतून काटा मारतो आणि मग ठणकत राहतो.”

कधी नव्हे ते मला काहीतरी कळलं.

फळी

त्या दुपारी तिने शिंगाळा काढला. मामेभावाचे उरलेले पाण्याचे रंग घरात होते. उताणं झोपून, वही तोंडावर धरून रंगवायला गेली आणि काळं पाणी ओघळून डोळ्यात गेलं. उशी, पट्टा, गाल, सगळं काळं. वंदना ओरडली. प्रज्ञा मात्र हसत होती. कित्येक दिवसांनी हसली होती.

दुसऱ्या दिवशी मी अठरा बाय चोवीस इंचांची प्लायवूडची फळी कापली, चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि नायलॉनच्या दोरीने वरच्या वाशाला टांगली. डोक्याकडची दोरी आखूड, पायांकडची लांब ठेवली, म्हणजे फळी तिरकी राहते आणि तिच्या खालच्या बाजूला लावलेला कागद तोंडासमोर येतो. पहिल्यांदा ती फार उंच झाली.

“पप्पा, आधी माझा हात मोजा. तुम्ही तुमचाच हात मोजलाय.”

खरं होतं. तिचा हात मोजून फळी साडेतीन इंच खाली घेतली. कुणाला करायची असेल तर ध्यानात ठेवा: झोपलेल्या माणसाने कोपर अंथरुणावर टेकून ब्रश सहज कागदाला लागला पाहिजे. पाण्याचे रंग चालत नाहीत. पोस्टर कलर घ्यावेत, तेही जवळजवळ पाणी न घालता. ब्रश आधी फडक्याला पुसून मग कागदाला लावायचा. हे शेवटचं तिने स्वतःच शोधलं.

त्याआधी तिने चित्रं काढली नव्हती असं नाही. शाळेत सगळे काढतात तेवढी काढली होती, डोंगर आणि मधून सूर्य. आता ती डोंगर काढेना. हिराबाय पाटी घेऊन आली की आधी खाटेजवळ थांबायची. “आज कंचा म्हावरा हाय पाठीत?” असं विचारायची, आणि एकेक मासा शेपटीला धरून तिच्या डोळ्यांसमोर फिरवायची. प्रज्ञा बघून घ्यायची. “आज बोंबील” म्हणजे अंगात त्राण नाही, नुसतं लिबलिबीत. “वाकटी” म्हणजे पाठीतून मांडीपर्यंत एक लांब पट्टा. “पाकट”, शेपटीत विषारी काटा असलेला, म्हणजे माझ्याशी बोलू नका. पाकटाची शेपूट तिने एवढी लांब काढली की कागद पुरला नाही. मग तिने ती फळीवरच पुढे नेली.

कबड्डीच्या मैत्रिणी भेटायला आल्या तेव्हा ती त्यांच्याशी नीट बोलली. त्या गेल्यावर मात्र भिंतीकडे बघत राहिली. दोन दिवसांनी चित्र निघालं: कबड्डीचं मैदान, सात चिंबोऱ्या, आणि मधे एक मुलगी. तिचे दोन्ही पाय चिंबोऱ्यांनी नांग्यांत धरलेले. मुलीचा हात मधल्या रेषेकडे लांबवलेला, चार बोटं कमी पडलेला. त्या रात्री ती व्यवस्थित जेवली.

मी एकदा विचारलं, “रंगवताना दुखत नाही?”

“दुखतं की. पण एरवी ते माझ्याकडे बघत बसतं. रंगवताना मी त्याच्याकडे बघते.”

एक चित्र माझंही होतं. मोजपट्टीच्या टेपचा डबा, त्याला मिशा, आणि टेपची जीभ बाहेर. ते बघून वंदना पोट धरून हसली. ते आमच्या फ्रिजवर अजून आहे.

निवट्या

आता चूक कुठे झाली ते सांगतो.

मला मासे समजायला लागले होते, पण आकड्यांची सवय सुटली नव्हती. मनातल्या मनात मी प्रत्येक माशाला नंबर दिला होता. बोंबील तीन, वाकटी पाच, शिंगाळा आठ, पाकट नऊ. मॅडमना फोनवर तेच कळवायचो. एके दिवशी प्रज्ञा म्हणाली, “आज निवट्या.” निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा. डोळे डोक्यावर. पाणी ओसरलं की चिखलावर टुणटुण उड्या मारत फिरतो. त्याला डंख नाही, विष नाही. तिखट कालवणात चांगला लागतो. मी दोन नंबर दिला. मधे दोन आठवडे ती बऱ्याचदा निवट्याच म्हणाली, आणि मला वाटलं, उतार पडतोय.

मॅडम दर फोनला विचारायच्या, तसं त्यांनी तेव्हाही विचारलं. फोन स्पीकरवर होता. “प्रज्ञा, पायात मुंग्या येतात का?”

“नाही, मॅडम.”

“नक्की?”

“मुंग्या नाही येत.”

“छान,” मॅडम म्हणाल्या. मीही “छान” म्हणालो.

त्या रविवारी दुपारी फळीवरचं चित्र पूर्ण झालं. वंदना कागद काढायला गेली आणि तिथेच उभी राहिली. तपकिरी चिखल होता. त्यात शेजारी शेजारी दोन लांब उंचवटे, खालच्या टोकाला पाच-पाच खडे. दोन्ही उंचवट्यांवर निवट्या होत्या. काही वर उडालेल्या, काही अर्ध्या चिखलात.

“हे बांध आहेत का गं?”

“माझे पाय आहेत.”

“आणि निवट्या वर बसल्यात?”

“वर नाहीत. आतून उडतात. आपोआप. मी काही करत नसते आणि पाय टुणकन उडतो. मग नुसती वळवळ वळवळ. आता डाव्या पायात जास्त आहेत.”

मी म्हणालो, “अगं, मॅडमनी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस!”

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मोजायला चुकलोय. “त्यांनी मुंग्या विचारल्या, पप्पा. पायाला मुंग्या आलेल्या मला कळतात. मांडी घालून बसल्यावर येतात त्या. या मुंग्या नाहीत. म्हणून तर मी रोज सांगत होते, निवट्या.”

वंदना चादर बाजूला करून तिचा डावा तळवा बघत होती. पायाने एक उडी मारली. आम्ही तिघांनीही ती पाहिली.

त्याच दिवशी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही. रविवार असूनही मॅडमनी उचलला. मी काही सांगू शकेना, म्हणून चित्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “पाय आहेत. आतून उडतात.” उत्तर आलं: “निघा.”

काटा

ॲम्ब्युलन्सने पेणच्या रस्त्याने मुंबईला नेलं. प्रत्येक खड्ड्याला मी तिचं स्ट्रेचर धरत होतो. ती मात्र छताकडे बघून शांत होती.

मॅडमनी धातूचा एक दोन टोकांचा काटा तिच्या उजव्या पावलाला टेकवला. “गार लागतंय?”

“थोडं.”

मग डाव्या पावलाला. “आता?”

“काहीतरी लागतंय. गार की गरम, सांगता येत नाही.”

मॅडमनी तिच्या पायाचा तळवा वर दाबून धरला तर पाय थरथर थरथर करत राहिला. त्या माझ्याकडे वळल्या. “दाब आलाय. ऑपरेशन करावं लागेल. उद्याच.” मग प्रज्ञाला म्हणाल्या, “माझा प्रश्न कमी पडला गं. मला निवटी माहीत नव्हती.”

“तुम्ही कुठल्या?”

“नागपूरची.”

“मग कशी माहीत असणार,” प्रज्ञा समजूत घालत म्हणाली.

बाहेर मी विचारलं, “पाय परत येण्याचे किती टक्के?”

“वेळेत आणलंत. वय लहान आहे. आशा चांगली आहे. टक्के मात्र मागू नका, तो आकडा माझ्याकडे नाही.”

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ आम्ही दोघं बाकावर होतो. वंदनाने डोळे मिटून त्रिसरण म्हटलं. मी मात्र मोजत बसलो. समोरच्या भिंतीच्या फरश्या मोजल्या, आणि कितीदाही मोजल्या तरी आकडा वेगळा येत होता. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “असू द्या. आज नका मोजू.”

वॉर्ड

पाठीत स्क्रू बसले. पायांचं लगेच कळणार नव्हतं. सकाळी अंग पुसणं, गोळ्या, राउंड, चहा, व्यायाम शिकवणाऱ्या ताई, जेवण, परत गोळ्या. हॉस्पिटलचा दिवस असाच ढकलावा लागतो, आणि तो ठरलेला असतो हे बरंच असतं.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडची तेजू होती, बारा वर्षांची. झाडावरून पडून मांडी मोडलेली. तिला प्रज्ञाचं माशांचं शास्त्र काही केल्या कळेना.

“आमच्याकडं मासं न्हाईत. मला कसं कळावं?”

“मग तुला काय कळतं?”

तेजूने विचार केला. “भाकरी.”

त्या दिवसापासून तेजूची भाकरी सुरू झाली. कच्ची, चिरलेली, तव्याला चिकटलेली. सिस्टर नेहमीप्रमाणे विचारायला आल्या, “आठ नंबर, कसं आहे?”

“करपली.”

“आणि सात नंबर?”

“आज नुसता जवळा, बारीक बारीक.”

“काय गं, वॉर्डात खानावळ काढलीत का?” सिस्टर म्हणाल्या. पण तेजूला त्यांनी दुखण्याची गोळी लगेच आणून दिली. प्रज्ञाने तिला भाकरीचं चित्र काढून दिलं, एका कडेला पोपडा फुटलेलं. तेजूच्या आईने ते खाटेच्या गजाला बांधलं.

निवट्या हळूहळू कमी झाल्या. मी विचारत नव्हतो, तीच सांगायची, “आज दोनच उडाल्या.” डाव्या पायाचा अंगठा एका सकाळी तिच्या सांगण्याने हलला. वंदना रडली. प्रज्ञा म्हणाली, “आई, अंगठाच आहे, मॅच नाही जिंकली.” घरी सोडताना उजवा पाय बराच परत आला होता. डाव्या पावलात मात्र गार-गरम कळत नव्हतं. येईल कदाचित, मॅडम म्हणाल्या. काहींचं येतं, काहींचं राहून जातं.

चिखल

पुढचे महिने औषधं, वॉकर, मग काठी, मग नुसता पट्टा. शाळेत ती एक वर्ष मागे पडली. कबड्डी संपली, त्याबद्दल ती फारसं बोलत नाही, आणि मी खोटं समाधान देत नाही. फळी उतरवली तेव्हा वाशाला दोरीचे वळ पडलेले दिसले. ती आता टेबलाशी बसून रंगवते. उताणं रंगवायची सवय अशी की ब्रश अजूनही आधी फडक्याला पुसते.

शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा मॅडमच्या खोलीत आमच्या आधी एक लहान मुलगा होता. दार अर्धवट उघडं होतं. आम्ही ऐकलं. “पायात मुंग्या येतात का? मुंग्या नसतील तर दुसरं काही? कशासारखं वाटतं ते तुझ्या भाषेत सांग. मला वेळ आहे.” प्रज्ञाने मला कोपराने ढोसलं.

घरी आल्यावर तिने ते पायांचं चित्र बाहेर काढलं. सगळे त्या चित्राला नावाजायचे, तिला मात्र ते आवडत नव्हतं. “यात चिखल चुकलाय. मी झोपून होते म्हणून डब्यातला तपकिरी लावला. चिखल असा नसतो. मला बघायचाय.”

ओहोटीची वेळ बघून मी तिला बांधावर नेलं. मला त्या दिवशी तिथे मोजमाप होतंच. मी टेप लावत होतो. ती कडेला वही घेऊन बसली होती. खाली चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, शेकड्याने. तिने बराच वेळ बघितलं, काही काढलं नाही. मग चपला काढल्या आणि बांधावरून बसतच खाली सरकली.

“प्रज्ञा, पाठ!”

“सरळच आहे, पप्पा.”

तिने आधी उजवा पाय चिखलात ठेवला. मग डावा. घोट्यापर्यंत बुडाला. निवट्या सगळ्या बाजूंनी पळाल्या. ती तशीच उभी राहिली, मान खाली घालून. माझ्या हातातली टेप सुटली आणि खर्रकन आत गेली.

मी काही विचारलं नाही. तिनेच वर बघितलं.

“डावा पण,” ती म्हणाली. “गार आहे.”